भाला टाकलेली बाई : व्हॅलरी टेलर

खारफुटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात बहिणीच्या कुटुंबाबरोबर गणपतीपुळ्याला गेले होते. नऊ वर्षांचा भाचा गुडघाभर पाण्याच्या पुढे येईना. का, तर शार्क. गणपतीपुळ्याच्या समुद्रात घाबरायचंच तर पाण्याच्या ओढीला घाबरावं, पण त्याच्या डोक्यात दातच होते. बरं, ह्या पोराने 'जॉज' पाहिलेलाही नाही. त्याच्या आईनेही अर्धाच पाहिलाय, उरलेला उशीमागून. १९७५ सालच्या सिनेमाची भीती घरात अशी वारशाने येते, पाटल्या-बांगड्यांसारखी.

परतीच्या वाटेवर गाडीत त्याला एक गोष्ट सांगितली. तीच इथे जरा ऐसपैस लिहिते. त्या सिनेमातले खरे शार्क ज्या जोडप्याने कॅमेऱ्यात टिपले, त्यातल्या बायकोची.

व्हॅलरी टेलर. जन्म १९३५चा, सिडनीतला. लहानपण बरंचसं न्यूझीलंडमध्ये गेलं. १९४८ साली तिथे पोलिओची साथ आली, त्यात बारा वर्षांची व्हॅलरी सापडली. शाळा मागे पडली ती पडलीच, पंधराव्या वर्षी सोडून दिली. चित्रं चांगली काढायची. त्यावरच मग पोट भरलं, कॉमिक्ससाठी चित्रं काढून. (हा तपशील लक्षात ठेवा. चौकटीत कुठे उभं राहिलं की चित्र होतं, हे ह्या बाईला पुढे जन्मभर कळत होतं.) कुटुंब ऑस्ट्रेलियात परतलं ते सिडनीच्या दक्षिणेला पोर्ट हॅकिंगला. समुद्र दाराशी. १९५६च्या सुमारास ती पाण्याखाली जायला लागली.

आणि काय करायला? तर मासे मारायला. स्पिअरफिशिंग. श्वास रोखून खाली जायचं आणि भाल्याच्या बंदुकीने मासा टिपायचा. त्या काळी ऑस्ट्रेलियात ह्याचे क्लब होते, स्पर्धा होत्या, ढाली होत्या. व्हॅलरी बायकांमध्ये राष्ट्रीय विजेती झाली. क्लबातच रॉन टेलर भेटला. डिसेंबर १९६३मध्ये लग्न झालं. १९६५ साली ताहितीला रॉन जगज्जेता झाला. घरातल्या दोघांच्याही हाताला रक्त, असं म्हणायला हरकत नाही. शार्कही मारले. त्या काळी शार्क मारणं हे लोकांना पुण्यकर्मच वाटायचं.

मग साठीचं दशक सरताना दोघांनी भाले टाकले. स्पर्धेनंतर किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा ढीग पडलेला असायचा, वजनकाट्यावर चढवून झालं की संपलं. हे आपण का करतोय, असं त्यांना वाटायला लागलं. रॉन आधीपासूनच पाण्याखालचे कॅमेरे स्वतः तयार करत होता. भाल्याच्या जागी कॅमेरा आला, इतकंच. म्हणजे खाली जायचं, दबा धरायचा, नेम धरायचा, कौशल्य तेच. बाहेर काय आणायचं ते बदललं.

१९६९ साली पीटर गिंबेल नावाच्या अमेरिकन माणसाच्या मोहिमेत दोघं गेले. ग्रेट व्हाइट शार्क शोधायचा आणि कॅमेऱ्यात टिपायचा, असा बेत. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या समुद्रात व्हेल मारणाऱ्या बोटी तेव्हा चालू होत्या. मारलेल्या व्हेलच्या धुडावर शेकडो शार्क तुटून पडायचे, विशेषतः ओशनिक व्हाइटटिप ही भर समुद्रातली जात. आणि ही चार माणसं पिंजऱ्याचं दार उघडून त्या गर्दीत बाहेर आली. गिंबेल, स्टॅन वॉटरमन, रॉन आणि व्हॅलरी. शार्क येऊन ढुशी देऊन बघायचे. ढुशी दिल्यावर तुम्ही जागचे हलला नाहीत आणि उलट ढकललंत, तर ते दुसरीकडे जायचे. ह्यातून व्हॅलरीला जे कळलं ते तेव्हा पुस्तकात नव्हतं: शार्क आधी चौकशी करतो, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. १९७१मध्ये तो माहितीपट आला. व्हाइटटिपची ती जात आज आययूसीएन ह्या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' ह्या रकान्यात आहे, आणि त्या चित्रीकरणातली गर्दी आता कुणाला दाखवता येईल असं मला वाटत नाही.

आता 'जॉज'. १९७४च्या सुरुवातीला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनजवळ टेलर जोडप्याने ग्रेट व्हाइट टिपून द्यायचे, असं ठरलं. अडचण अशी की सिनेमातला शार्क होता २५ फुटी, आणि समुद्रातले शार्क स्टुडिओचं ऐकत नाहीत. म्हणून युक्ती केली. नेहमीपेक्षा लहान पिंजरा केला आणि त्यात बसायला अगदी बुटका स्टंटमन आणला, म्हणजे शेजारचा शार्क अवाढव्य दिसेल. एकदा पिंजरा रिकामा असताना एक शार्क त्याच्या दोरखंडात अडकला आणि सुटायच्या धडपडीत त्याने सगळं मोडतोड करून टाकलं. चित्रीकरण इतकं जबरदस्त झालं की त्यासाठी कथाच बदलली. मूळ कादंबरीत पिंजऱ्यातला शास्त्रज्ञ मरतो. पण पिंजरा तर रिकामा होता! म्हणून सिनेमात तो निसटून तळाशी लपतो आणि वाचतो.

म्हणजे बघा, घाबरून अडकलेला एक प्राणी सुटायला तडफडत होता, आणि जगाने ते हल्ला म्हणून पाहिलं.

सिनेमा आल्यावर लोक पाण्यात जाईनात. त्याहून वाईट म्हणजे लोक बोटी घेऊन शार्क मारायला निघाले. तेव्हा स्टुडिओनेच टेलर जोडप्याला अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं, टीव्हीवर बसून सांगायला, की बाबांनो, तो कल्पित शार्क आहे, असा शार्क नसतो. आग लावणाऱ्याच्याच हातात बंब द्यावा तसं. तिला त्याचं वाईट वाटत राहिलं, आणि माझ्या मते तिची पुढची सगळी कारकीर्द ह्या एका गोष्टीची परतफेड आहे.

पहिली मोठी परतफेड १९८४ची. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला ग्रे नर्स नावाचा शार्क असतो. दात तोंडाबाहेर आलेले, वेडेवाकडे, त्यामुळे दिसायला नरभक्षक. स्वभावाने गरीब. खडकांच्या घळीत दिवसभर तरंगत असतो. साठच्या दशकात डुबी मारणाऱ्या हौशी लोकांनी भाल्याच्या टोकाला काडतूस लावून त्यांची कत्तल केली, आणि वर 'नरभक्षक मारला' म्हणून फोटो काढले. ह्या जातीचं दुर्दैव असं की मादीला दोन गर्भाशयं असतात आणि प्रत्येकात सर्वांत दांडगं पिल्लू आपल्या भावंडांना पोटातच खाऊन टाकतं. म्हणजे एका खेपेला दोनच पिल्लं, आणि खेप साधारण दोन वर्षांनी. एकदा कमी झाले की भरून यायला पिढ्या लागतात. टेलर जोडप्याने आणि इतरांनी सरकारच्या मागे लागून न्यू साउथ वेल्समध्ये त्याला संरक्षण मिळवून दिलं. कायद्याने संरक्षण मिळालेला जगातला हा पहिला शार्क.

तिची बाकीची कामं प्रतिसादांत येतीलच. मला बोलायचंय ते असं: ह्या बाईचं लोकांनी का ऐकलं? ती शास्त्रज्ञ नव्हती. माझं मत, तिने मारलेलं होतं म्हणून ऐकलं. आणि ती कॅमेऱ्यात दिसायची छान म्हणून ऐकलं. दोन्ही गोष्टी जरा अडचणीच्या आहेत.

---

बुडबुडा

मस्त लेख. मी तारकर्लीला स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र घेतलं, तेव्हा प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'जॉज पाहिलाय का? विसरा.'

पोलादी जाळीचा किस्सा राहिला, तो लिहितो. रॉनच्या डोक्यातली कल्पना. खाटीक मांस कापताना बोटं वाचावीत म्हणून स्टीलच्या बारीक कड्यांचा हातमोजा घालतात. त्याने विचार केला, अख्खा अंगरखाच तसा केला तर? चिलखतच, फक्त घोड्याऐवजी पाण्यात. पण चालतं की नाही हे कळणार कसं, तर शार्ककडून चावून घेऊन. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या समुद्रात व्हॅलरी ते घालून उतरली. ब्लू शार्क चावेनात. मग तिने बाहीच्या आत माशाचे तुकडे कोंबले! शार्कने कोपराशी धरून हिसडे दिले, ही बाई शांतपणे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी. १९८१ साली नॅशनल जिऑग्राफिकमध्ये ते फोटो आले आणि जगभर झाले.

लोकांना वाटलं, काय हे धाडस. पण त्या फोटोंनी एक गोष्ट दाखवली, ती म्हणजे चावा कसा असतो. शार्कला 'नको' कळलं की तो सोडून देतो.

---

निरुपद्रवी

लेख माहितीपूर्ण, पण कौतुक जरा जास्तच झालंय असं माझं प्रांजळ मत.

१. आधी हौसेने मारायचं, त्यात चषक मिळवायचे. २. मग पैसे घेऊन भीतीचा सिनेमा करायचा. ३. मग त्याच सिनेमाच्या पैशाने दौरा करून 'घाबरू नका' म्हणायचं. ४. मग शार्कला माशाचे तुकडे चारून फोटो काढायचे आणि म्हणायचं, बघा किती गरीब. सौ चूहे खाके बिल्ली वगैरे.

शिवाय गुलाबी वेटसूट आणि केसांत रिबन. सत्तरच्या दशकातल्या मासिकांना काय हवं होतं ते तिला बरोबर ठाऊक होतं. ह्याला संवर्धन म्हणायचं की प्रसिद्धी?

---

मी_अनामिका

+१ निरुपद्रवी. पण रिबनवर आक्षेप का बुवा? रॉनच्या दाढीवर कुणी लिहीत नाही.

---

निरुपद्रवी

रॉनला दाढी होती?

---

मी_अनामिका

नसेलही. तुम्ही पाहिलं नाहीत ना, तोच मुद्दा आहे. :)

---

खारफुटी

निरुपद्रवी, तुमचे पहिले तीन मुद्दे मला मान्यच आहेत, म्हणून तर धागा काढला. चौथ्यावर थोडं बोलते.

शार्कला चारा टाकून बोलावणं बरं की वाईट, हा वाद आजही डायव्हिंगवाल्यांत चालू आहे आणि तो खरा वाद आहे. पण १९६५ साली ज्या गोष्टीवर कॅमेरा रोखलेला नव्हता ती गोष्ट सरकारसाठी नव्हतीच. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ ह्या प्रवाळरांगेच्या उत्तर भागात लिझर्ड बेटाजवळ 'कॉड होल' म्हणून जागा आहे. तिथे पोटॅटो कॉड नावाचे माणसाएवढे मासे, इतके माणसाळलेले की पाणबुड्याच्या अंगाशी येऊन थांबतात. मासेमारीच्या बोटींसाठी म्हणजे आयतं ताट. व्हॅलरीने त्या माशांबरोबरचे फोटो छापून आणले, लिहिलं, पाठपुरावा केला आणि ती जागा राखीव करून घेतली. फोटो नसते तर कॅनबेरातल्या अधिकाऱ्याला त्या माशांशी काय घेणं होतं?

आणि रिबनचं म्हणाल तर, निळ्या पाण्यात गुलाबी रंग उठून दिसतो. चित्रकार बाई होती ती. तिला ठाऊक असणारच.

---

सिडनीकर_मावशी

इकडची थोडी भर घालते. वीस वर्षं सिडनीत आहे.

इथे व्हॅलरी टेलर हे घराघरांत माहीत असलेलं नाव आहे, विशेषतः साठीच्या पुढच्या लोकांत. त्यांनी तिला टीव्हीवर पाहिलेलं. पण शार्कबद्दलची भीती गेली आहे असं समजू नका. न्यू साउथ वेल्समध्ये १९३७पासून पोहण्याच्या किनाऱ्यांसमोर जाळ्या टाकतात, न्यूकॅसलपासून वोलोंगाँगपर्यंत ५१ किनाऱ्यांवर. इथे आले तेव्हा माझी कल्पना अशी की जाळी म्हणजे कुंपण. तसं मुळीच नाही! १५० मीटर लांब, ६ मीटर उंच तुकडा पाण्यात मध्येच लटकवलेला असतो. शार्क वरून, खालून, बाजूने कुठूनही येऊ शकतो. त्यात कासवं, डॉल्फिन, पाकट आणि ज्याला १९८४पासून कायद्याचं संरक्षण आहे तो ग्रे नर्सही अडकून मरतो. म्हणजे एका हाताने वाचवायचं आणि दुसऱ्या हाताने जाळं टाकायचं.

जाळ्या काढा म्हटलं की राजकारण्यांच्या तोंडचं पाणी पळतं. २०२२च्या फेब्रुवारीत लिटल बे इथे एका पोहणाऱ्याचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सिडनीत असा मृत्यू १९६३नंतर पहिल्यांदाच. जवळपास साठ वर्षांनी. पण त्या आठवड्यात माझ्या ऑफिसात साठ वर्षांचा हिशेब कुणी काढला नाही, सगळे त्या एका दिवसाबद्दलच बोलत होते. मीसुद्धा.

---

बुडबुडा

१९६३ म्हणालात म्हणून आठवलं. त्याच वर्षी डिसेंबरात ॲडलेडजवळ अल्डिंगाच्या किनाऱ्यावर स्पिअरफिशिंगच्या स्पर्धेत रॉडनी फॉक्सला ग्रेट व्हाइटने छातीशी धरला होता. फासळ्या मोडल्या, फुफ्फुस उघडं पडलं, तरी वाचला. आणि मग हाच माणूस पिंजऱ्यातून लोकांना शार्क दाखवायचा धंदा करायला लागला, शार्क वाचवा म्हणून बोलायला लागला. 'जॉज'साठीच्या त्या चित्रीकरणातही तो टेलर मंडळींबरोबर होता. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली, तोही पुढे आयुष्यभर शार्कच्या बाजूने बोलत राहिला, २००६ साली गेला. एकूण काय, त्या सिनेमाशी संबंधित निम्मी माणसं नंतर प्रायश्चित्तच घेत होती.

---

रापणकर

लेख वाचला. बरा आहे. पण आमच्यासारख्यांना तो जरा टोचतो, का ते सांगतो.

मी मालवणचा. घरात तीन पिढ्या मासेमारी. आमच्याकडे मुशी किंवा मोरी, म्हणजे लहान शार्क, ही भीतीची गोष्ट नाही, खाऊची आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात, माझ्या आईला दिलं, बायकोला दिलं. मोरीचं सुकं असलं की भात दोन वाट्या जास्त लागतो. कानमुशी, म्हणजे हातोडीसारख्या डोक्याचा शार्क, पूर्वी जाळ्यात यायची, आता फार क्वचित. त्या बाईने भाला टाकला तेव्हा तिच्या रात्रीच्या जेवणाचा प्रश्न नव्हता. तिने हौस सोडली. आम्हाला सोडायला सांगतात तेव्हा पोट सोडायला सांगतात.

१९८७ला मालवणात सागरी अभयारण्य जाहीर झालं. कागदावर. गावाला विचारलं असतं तर आम्हीच सांगितलं असतं कुठली जागा राखायची ते. आता किनाऱ्यालगत आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, आणि थोड्या अंतरावर रात्रीचे दिवे लावून पर्ससीनवाले, अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी घेऊन. मुशी कोणी संपवली, ते विचारायचं असेल तर त्यांना विचारा.

राग नाही. आमका कोण विचारतच नाय, म्हणान लिवलंय.

---

खारफुटी

रापणकर, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे. खरंच.

तुमचा मुद्दा मान्य. तिच्या गोष्टीतल्या ग्रे नर्सला मारणारे हौशी होते, कोळी नव्हते, म्हणून तो कायदा तुलनेने सोपा गेला. कुणाचं पोट त्यावर नव्हतं. आपल्याकडे ते लागू करायला जायचं म्हणजे चूकच.

जगात माणसं दरवर्षी साधारण १० कोटी शार्क मारतात, असा २०१३ सालच्या एका शोधनिबंधाचा अंदाज होता. आणि शार्क पकडणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत आहे. २०१५मध्ये आपण शार्कच्या परांची निर्यात बंद केली. पण जाळ्यात दुसऱ्या माशांबरोबर येणाऱ्या मुशीचं काय करायचं, ह्याचं उत्तर बंदीत नाही. इथे गुलाबी वेटसूट कामाचा नाही, हेही खरं.

---

जुना_धागा

ह्या संदर्भात वेरावळची गोष्ट कुणीच कशी काढली नाही? टेलरबाईंची तुलना करायचीच तर तिच्याशी करा.

गुजरातच्या किनाऱ्याला व्हेल शार्क येतो. जगातला सर्वांत मोठा मासा, खातो मात्र बारीक प्लवक वगैरे. नव्वदच्या दशकात तिथे त्याची मोठी शिकार चालायची. मांस परदेशी जायचं, यकृताचं तेल लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडायचे. मोठाले गळ आणि पिंपं वापरून पकडायचे, म्हणून त्याला तिकडे 'बॅरल'च म्हणायचे. माइक पांडे ह्यांनी त्यावर माहितीपट केला, त्याला २०००मध्ये ग्रीन ऑस्कर म्हणतात तो पुरस्कार मिळाला, आणि २००१मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आला. कायद्याने संरक्षण मिळालेला भारतातला पहिला मासा.

पण खरी गंमत पुढे आहे. कायदा आला तरी मासा जाळ्यात यायचा तो येतच होता. जाळं कापलं तर हजारोंचं नुकसान. तेव्हा वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने रामकथा सांगणाऱ्या मोरारीबापूंना गाठलं. २००४ची गोष्ट. बापूंनी कथेत सांगितलं, की ही बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे, 'व्हाली'. लाडकी. लेकीला कोण मारतं का? त्याच्या जोडीला कापलेल्या जाळ्याची भरपाई. तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी शेकड्यांनी व्हेल शार्क जाळी कापून सोडलेत.

म्हणजे कॅमेऱ्याने दिल्लीत कायदा केला, पण समुद्रात जाळं कापलं गेलं ते माहेरवाशिणीच्या गोष्टीमुळे आणि भरपाईमुळे. व्हॅलरीबाईंना बापू नव्हते, त्यांचं सगळं काम कॅमेऱ्यालाच करावं लागलं.

---

निरुपद्रवी

जुना_धागा, हे फार छान लिहिलंत. माझा विरोध पंचवीस टक्क्यांनी कमी करतो.

उरलेल्या पंचाहत्तरापैकी एक शंका. ती स्वतः कधी चावली गेली का? की सगळं चिलखत घालूनच?

---

बुडबुडा

गेली की. १९८२मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रात ब्लू शार्कने पाय धरला, तेव्हा अंगात ती जाळी नव्हती. हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं, मोठी शस्त्रक्रिया झाली. बरी झाल्यावर पुन्हा पाण्यात. ऐंशी ओलांडल्यावरही फिजीत शार्कबरोबर डायव्हिंग करतानाचं चित्रण तिच्यावरच्या २०२१च्या माहितीपटात आहे. जमिनीवर सांध्यांचा त्रास, पाण्यात शिरली की हलकी.

रॉन २०१२ साली रक्ताच्या कर्करोगाने गेला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नेप्च्यून बेटांच्या सागरी उद्यानाला दोघांचं नाव दिलंय. ग्रेट व्हाइट बघायला लोक आज तिथेच जातात. आणि ग्रेट व्हाइटला ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकाच्या शेवटी संरक्षण मिळालं, दक्षिण आफ्रिकेत त्याआधी, १९९१ला.

---

पालघरी

सगळं ठीक आहे, पण शार्क अगदी गोगलगाय आहे असंही चित्र उभं करू नका. २०२४च्या फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात एका तरुणाच्या पायाला शार्कने धरलं, पाय गमवावा लागला. बुल शार्क गोड्या पाण्यातही वर येतो. त्या माणसाला जाऊन 'तो आधी चौकशी करतो' म्हणून सांगा बरं.

---

खारफुटी

पालघरी, बरोबर. म्हणून तर मला व्हॅलरी बरी वाटते. 'शार्क गरीब आहेत' असं ती सरसकट म्हणाली नाही. कुठला कसा वागतो ते ती सांगायची. ग्रे नर्स वेगळा, व्हाइटटिप वेगळा, ग्रेट व्हाइटमध्येही हा धीट, तो भित्रा. कुत्र्यांबद्दल आपण बोलतो तसं. बुल शार्क असलेल्या खाडीत कंबरभर पाण्यात उतरणाऱ्याला कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं आपल्याकडे कुणी नाही.

---

सिडनीकर_मावशी

रापणकर, एक विचारू? तुमच्याकडे व्हेल शार्क येतो का जाळ्यात? आणि महाराष्ट्रात ती भरपाई आहे का?

---

रापणकर

येतो मावशी. दरवर्षी नाही, पण येतो.

भरपाई आहे. २०१८पासून. संरक्षित प्राणी, म्हणजे कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असं काही जाळ्यात आलं आणि जाळं कापून सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. पण पुरावा लागतो. फोटो, नाहीतर व्हिडिओ.

चार वर्षांपूर्वी माझ्या काकांच्या जाळ्यात सापडला होता, होडीपेक्षा लांब, पाठीवर ठिपके. पहाटेची वेळ. तो शेपटी आपटतोय, होडी डुलतेय. जाळं नवं होतं, कर्ज काढून घेतलेलं. काका म्हणाले, कापा. कापलं. तो गेला. कोणाला सुचलं नाही की आधी फोटो काढावा. एकाला सुचलं तर फोन पाण्यात.

कचेरीत गेले, कुठल्या ते नको. तिथे विचारलं, फोटो कुठे? काका म्हणाले, साहेब, तो दोन मिनटां थांब म्हटल्यार थांबणारो नव्हतो. अर्ज तसाच राहिला.

---

मी_अनामिका

अरेरे. मग? पुढच्या वेळी आला तर कापणार का?

---

रापणकर

विचारलं मी त्यांना हा धागा वाचून दाखवताना. काही बोलले नाहीत.

पण जत्रेत त्यांनी फोनसाठी प्लास्टिकचं पाकीट घेतलंय, गळ्यात अडकवायचं, पाणी न शिरणारं. दीडशे रुपयांचं. रंग विचाराल तर गुलाबी.